खुणांचा खांब

चोर धरला तेव्हा त्याला मारायला अख्खा उतार धावला. उचलायला कोणी आलं नाही.

नुकतं उजाडत होतं आणि धुक्यामुळे चार हातांवरचं दिसत नव्हतं. व्हॅनिला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघाच्या शेडकडे येणाऱ्या पायवाटेने एक माणूस पाठीवर पोतं घेऊन वर चढत होता. पहाऱ्यावर मुकादम होता. त्याने विचारलं, "कोण?" माणूस थांबला आणि उत्तर द्यायच्या आधी त्याचा हात मागे पोत्याकडे गेला. तेवढं पुरलं. मुकादमाने काठी फिरवली ती सरळ गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज झाला, माणूस खाली बसला आणि मुकादमाने शिट्टी वाजवली. मग धुक्यातून माणसं येतच राहिली. कुणाच्या हातात फावड्याचा दांडा, कुणाच्या हातात नुसता दगड.

मुकादम काही जन्माचा गुंड नव्हता. तरुणपणी रस्त्याच्या कामावर मुकादमी केली, ते नाव चिकटलं एवढंच. पण गेल्या दोन हंगामांत व्हॅनिलाच्या शेंगा भरत आल्या की चोर यायचे. शेंगा ओरबाडून न्यायचे आणि जाताना वेली बुडाशी कापून ठेवायचे. राखणीला बसलेल्या एका म्हातारीचा हात त्यांनी कोयत्याने मनगटात तोडला, तेव्हापासून संघाने पहारा नेमला आणि मुकादमाला त्याचा म्होरक्या केलं. व्हॅनिलाचं फूल एकच सकाळ उमलतं. त्या सकाळी माणसाने काडीने पराग टेकवून त्याचं लग्न लावलं नाही, तर ते गळून पडतं. या उतारावरच्या एकेका शेंगेमागे कुणा ना कुणा बाईची एक सकाळ गेलेली असते. ती चोराने नेली की पोटातून राग येतो. हे सगळं मला मान्य आहे. पण एका माणसावर पंचवीस-तीस जण तुटून पडले, हेही मला दिसतं, आणि ते मी झाकून ठेवणार नाही.

माणूस ओरडत नव्हता, बोलत होता. "तुमच्याच संघाकडे आलोय," असं म्हणाला. पुन्हा म्हणाला, आणि स्वच्छ म्हणाला.

"चोर काहीतरी सांगणारच," मुकादम म्हणाला.

मग कुणाची तरी लाथ तोंडावर बसली आणि बोलणं संपलं. मुकादमाचा धाकटा भाऊ इतका वेळ मागे उभा होता. सगळे मारत असताना आपण नुसतं उभं राहिलो तर नंतर तोंड दाखवायची सोय राहत नाही, म्हणून तो पुढे झाला आणि हातातला दांडा त्याने एकदाच, डोळे मिटून मारला. तो डोक्यावर लागला.

नंतर त्या माणसाला फरफटत खाली रस्त्याच्या मोरीवर नेऊन टाकलं. ऊन वर यायच्या आत तो मेला. चौकीतून शिपाई आला, त्याने मोरीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "गाडीने उडवलेला दिसतोय, काय?"

संघाचा अध्यक्ष धंद्याने सुतार होता. तो म्हणाला, "दिसतोय तसा."

पोतं शेडमध्ये आलं.

शेडचा सगळा कारभार मुकादमाच्या बायकोकडे होता. तिला लहानथोर सगळे शेडवाली म्हणायचे, आणि तिलाही ते नाव स्वतःच्या नावापेक्षा आवडायचं. हिरवी शेंग नुसती वाळवली तर कुजते. आधी तिला गरम पाण्यात मारावी लागते, मग घोंगडीत गुंडाळून घाम काढायचा, मग रोज थोडं ऊन दाखवायचं, तेव्हा कुठे ती काळीभोर होते आणि वास सोडते. पाणी फार तापलं तर शेंग शिजते, कमी तापलं तर मरत नाही. शेडवाली हात बुडवून बघायची. एका श्वासापलीकडे हात ठेवता आला नाही, की पाणी बरोबर झालं.

"पोतं सोड आणि शेंगा पाण्यात घाल," सुतार दारातून म्हणाला. "तशा राहिल्या तर कुजतील. कुणाच्या आहेत ते मागाहून बघू."

चोराकडून परत मिळालेला माल खुणा बघून ज्याचा त्याला द्यायचा, ही संघाची रीत. प्रत्येक घराची खूण वेगळी. बुचाच्या तुकड्यात टाचण्या रोवून टोचणी करायची आणि शेंगा कोवळ्या असतानाच एकेकीवर दाबायची. टोचलेल्या जागी खपली धरते आणि ती खूण शेंग वाळली तरी जात नाही. कुणाचा त्रिकोण, कुणाची फुली, कुणाची नुसतीच तिरकी रांग. नवीन सभासद झाला की त्याने आपली टोचणी शेडच्या मधल्या खांबावर ठोकायची, की झाला तो संघाचा. खांब सुताराने स्वतः मऊ लाकडाचा घडवला होता. त्याच्यावर सगळ्या घरांच्या खुणा होत्या आणि शेडवालीला त्या डोळे मिटून बोटांनी ओळखता यायच्या.

तिने पोत्याचं तोंड सोडलं. वरच्या शेंगा रक्ताने चिकटल्या होत्या. त्या तिने टोपलीत घेऊन पाण्यात सोडल्या, पाणी तांबूस झालं, तसं तिने ते ओतून दुसरं ठेवलं. मग खालच्या शेंगा हातात घेतल्या आणि तिचा हात थबकला.

चोर घड ओढतो. त्याला वेळ नसतो, त्याच्या पोत्यात कोवळ्या, पिकल्या, मोडलेल्या सगळ्या असतात, आणि घडाचा दांडाही सोबत येतो. इथे एकेक शेंग सुटी खुडलेली, देठ न दुखावता. शेंड्याला पिवळसर झाली तेवढीच घेतलेली. थरांमध्ये पानं घातलेली. पोरीला सासरी पाठवताना सामान भरावं तसं पोतं भरलं होतं. आणि प्रत्येक शेंगेवर खूण होती. गोल टिंबांचं कडं आणि मधोमध एक टिंब.

ती उठून खांबाजवळ गेली. वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली. असं कडं खांबावर कुठेच नव्हतं.

घरी त्या दिवशी धाकटा जेवला नाही. भाताचा घास तोंडापर्यंत नेई आणि ताटात ठेवी.

"भाऊजी, पोट बिघडलंय का?" तिने विचारलं.

मुकादम हात धुवायला बाहेर गेला होता. तो नाही हे बघून धाकटा म्हणाला, "वहिनी, तो रस्त्याकडून वर येत होता."

"मग?"

"चोर शेतातून रस्त्याकडे जाईल. भरलेलं पोतं घेऊन शेडकडे कशाला येईल?"

तिने खुणेबद्दल त्याला सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं आणि उठला. सासू म्हणाली, "हा लहानपणापासून असाच, कोंबडी कापली तरी दोन दिवस उपाशी."

पुढचे काही दिवस शेडवाली रोज त्या शेंगा उन्हात मांडायची आणि संध्याकाळी घोंगडीत गुंडाळायची. बाकीच्या बायका बघत होत्या. खुणा त्यांनाही वाचता येत होत्या. पण कुणी ब्र काढला नाही. त्या टेबलाशी आल्या की त्यांना दुसरीकडे कुठेतरी काम आठवायचं.

एका संध्याकाळी मुकादम शेडमध्ये आला. वादळात पडलेल्या वेलीच्या थोड्या शेंगा मारायला तिने पाणी ठेवलं होतं. तो टेबलापाशी उभा राहिला, एक शेंग उचलून उजेडात धरली आणि लगेच खाली ठेवली.

"या वेगळ्या कशाला मांडल्यास?"

"कुणाच्या ते कळत नाही म्हणून."

"आपल्याच कुणाच्या तरी असतील. मिसळून टाक."

"मिसळते. आधी कुणाच्या ते सांग."

"माझ्याशी कोड्यात बोलू नकोस."

"मी सरळच विचारतेय," ती म्हणाली. "खांबावर ही खूण नाही. तू पण बघितलीस. आपण कुणाला मारलं?"

तो पुढे आला आणि तिचं मनगट धरलं. ती समजली की आता कानाखाली बसणार, म्हणून तिने मान वळवली. पण त्याने तिचा हात मनगटापर्यंत पाण्यात घातला आणि धरून ठेवला. एक श्वास झाला, दुसरा झाला. ती आधी नुसतीच त्याच्याकडे बघत होती, कारण तो खरंच असं करतोय हे तिला पटेना. मग तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. तिने दुसऱ्या हाताने त्याचा चेहरा ओरबाडला, नडगीवर लाथा मारल्या. त्याने सोडलं तेव्हा त्याच्या गालावरून रक्त ओघळत होतं आणि तोही धापा टाकत होता.

"आपण नाही मारलं," तो म्हणाला. "गाडीने उडवलं. चौकीत तशीच नोंद झालीय. तुझ्या एका खुणेपायी निम्मा उतार आत जाईल. रास्त भाव देणारा बाहेरचा खरेदीदार पुन्हा इकडे फिरकणार नाही. परत त्या दलालाच्या दारात उभं राहायचं का? तो शेंगा जमिनीवर ओतून पायाने चाळायचा, आठवतंय?"

तिला आठवत होतं. दलाल बसलेल्या जागेवरून पायाच्या अंगठ्याने शेंगा वेगळ्या करायचा, आणि हा मुकादम, हा एवढा उंच माणूस, त्याच्यापुढे हात जोडून उभा असायचा. संघ निघाला, रास्त भाव मिळू लागला, तेव्हा तो पहिल्यांदा मान वर करून चालायला लागला. त्याचं ते चालणं तिला फार आवडलं होतं. तिने हात पोटाशी धरला आणि तिला रडू आलं, ते दुखण्याचं किती आणि त्या आठवणीचं किती, कुणी सांगावं.

घरी सासूने हाताला तेल लावलं. कातडी पाण्यातल्या कागदासारखी सुटून येत होती. "पाणी गरम होतं तर तोंड तरी गार ठेवायचंस," म्हातारी म्हणाली. थोड्या वेळाने पुढे म्हणाली, "त्याच्या बापाने माझं बोट मोडलं होतं. बघ, अजून वाकत नाही." तेल लावता लावता तिने ते बोट दाखवलं. एवढ्या वर्षांत सुनेने ते कधी विचारलं नव्हतं.

तोडणीच्या आधी खरेदीदाराकडून तपासणीला एक बाई आली. चांगली बाई होती. चिखलात बूट भरवून प्रत्येक उतारावर गेली, विषारी फवारा मारता का, पोरांना कामाला लावता का, बायकांचे पैसे बायकांच्या हातात पडतात का, सगळं विचारलं. शेडमध्ये तिचं लक्ष शेडवालीच्या बांधलेल्या हाताकडे गेलं.

"हाताला काय झालं, ताई?"

सुतार मागे उभा होता. त्याच्यामागे मुकादम, गालावर खपल्या घेऊन.

"पाणी सांडलं," शेडवाली म्हणाली.

तपासणीवालीने सुताराला चांगलंच फैलावर घेतलं. इतकं गरम पाणी हाताळायला देता आणि हातमोजे देत नाही, हा कुठला न्याय? सुताराने मान खाली घालून ऐकून घेतलं. जाताना तिने सगळ्या बायकांना एकत्र बसवून विचारलं, "आणखी काही सांगायचंय? घाबरू नका." कुणीतरी म्हणालं, शेडला मागच्या बाजूने पागोळी लागते. ते तिने लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संघाने सगळ्या बायकांना हातमोजे दिले. शेडवालीला तिच्या सुजलेल्या हातावर ते चढेनात.

तोडणीचा दिवस उजाडला. याच दिवशी सगळ्यांनी तोडायचं, आधी कुणी हात लावायचा नाही, हा संघाचा नेम. सकाळपासून टोपल्या येत होत्या. चुलीवर पाणी होतं, शेड माणसांनी भरून गेली होती, आणि पुष्कळ दिवसांनी लोक मोठ्याने हसत होते. सुताराला कुणी चिडवत होतं की अध्यक्षांच्या शेंगा अध्यक्षांसारख्याच आखूड. तोही हसत होता.

दुपारकडे एक बाई पायवाटेने वर आली. पाठीवर पोतं, चपला हातात. दारात उभी राहून तिने विचारलं, "संघ हाच का?"

"हाच," सुतार म्हणाला. "कोण पाहिजे?"

"मी त्या पलीकडच्या डोंगरातली. खाली रस्त्यावर तुमची पाटी आहे ना, लहान शेतकऱ्यांनी कुणीही यावं, रास्त भाव मिळेल. ती माझ्या नवऱ्याने वाचली होती." तिने पोतं खाली ठेवलं. "तो पुढे आला होता पहिलं पोतं घेऊन. तुमची तोडणी झाली नव्हती, पण आमच्या शेंगा आधी पिकतात. म्हणाला, ते घेतात का बघतो, मग बाकीच्या तोडू. आमच्याकडे दलालाची माणसं दिवसा रस्त्यावर बसतात, बाहेर माल जाऊ देत नाहीत. म्हणून अंधारातच निघाला. अजून आला नाही. इथे कामाला वगैरे राहिलाय का?"

चुलीपाशी एकीने लाकूड आत सारलं.

ती पाटी सुताराने आपल्या हाताने रंगवली होती. लावल्यापासून ती वाचून बाहेरचा एकही माणूस आला नव्हता, आणि सभेत त्याची थट्टाही व्हायची. सुताराने घसा साफ केला. "इकडे तर कोणी आलं नाही," तो म्हणाला. "मधे खाली रस्त्यावर कुणाला तरी गाडीने उडवलं, असं कानावर होतं. चौकीत विचारा. पण तुम्ही एवढ्या लांबून आलात, ताई, तर माल घेतो आम्ही. सभासद करून घेतो. काय मंडळी?"

मंडळींनी माना हलवल्या. एवढ्या घाईने कुणालाच कधी सभासद केलं नव्हतं.

"गाडीने," ती बाई म्हणाली. एकदम बसली नाही की रडली नाही. तिला ते कळलं होतं, पण तिने ते तूर्त बाजूला ठेवलं होतं, कारण समोर पोतं होतं आणि घरी खाणारी तोंडं असणार. "काय करावं लागतं सभासद व्हायला?"

"टोचणी आहे का?"

तिने कमरेच्या पिशवीतून बूच काढलं. सुताराने तिला मधला खांब दाखवला आणि हातात लाकडी ठोकणी दिली. बहुतेक त्याला वाटलं असेल की हे एवढं झालं की संपलं. तिने बूच खांबाला लावलं, एक ठोका दिला आणि बूच काढून घेतलं. गोल टिंबांचं कडं, मधोमध एक टिंब. पांढऱ्या लाकडात ते नवंकोरं दिसत होतं.

कडेच्या टेबलावर तसंच कडं घेतलेल्या शेंगा रोजचं ऊन खाऊन काळ्या होत आलेल्या पडल्या होत्या. शेडमधल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, आणि प्रत्येकजण दुसरीकडे बघत होता. शेडवालीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान अगदी बारीक हलवली, नको म्हणून. त्या मान हलवण्यात धमकी नव्हती, विनवणी होती, आणि तिला तेच जास्त जड गेलं.

ती टेबलापाशी गेली. चांगल्या हाताने मूठभर शेंगा उचलल्या आणि त्या बाईच्या ओंजळीत ठेवल्या.

बाईने एक शेंग फिरवून बघितली. दुसरी बघितली. "या आमच्या आहेत," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही तर म्हणालात कोणी आलं नाही."

शेडवाली म्हणाली, "आला होता. चोर समजून मारला. पहिली काठी माझ्या नवऱ्याने मारली. हा इथे उभा आहे तो."

मुकादमाची काठी तिच्या तोंडावर बसली. ती चुलीजवळ पडली, तोंडात दाताचा तुकडा आला, तो तिने थुंकला. तो पुन्हा काठी उचलतोय हे तिने बघितलं आणि शेडमधली सगळी माणसं जागच्या जागी उभी आहेत हेही बघितलं. मग धाकट्याने मागून काठी धरली.

"बस कर, दादा."

"सोड."

"बस कर म्हटलं. डोक्यात मी मारलंय. तिला काय मारतोस, मला मार."

मुकादमाने त्याला मारलं. कोपराने नाकावर मारलं, काठी ओढून घेऊन खांद्यावर मारली, खांदा निखळून हात लोंबायला लागला. धाकट्याने दुसऱ्या हाताने चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आणि भावाच्या कानशिलावर हाणलं. केस जळाल्याचा वास सुटला. मुकादम आंधळ्यासारखा त्याच्यावर कोसळला, दोघे टेबलावर पडले, टेबल मोडलं, त्याच्या धक्क्याने शेजारचं आडवं झालं. वाळत घातलेला, नुकताच आलेला सगळा माल जमिनीवर एक झाला. भाऊ भावाचा गळा दाबत होता आणि दोघांच्या खाली शेंगा चिरडत होत्या.

"अरे माल," सुतार ओरडत होता. "आधी माल सांभाळा."

त्यांना कुणी सोडवलं नाही. अंगातली ताकद सरली तेव्हा ते आपोआप सुटले. धाकटा कुशीवर पडून राहिला. मुकादम सरकत सरकत जाऊन खांबाला पाठ लावून बसला. त्याचा एक डोळा मिटला होता आणि कान भाजून पांढरा झाला होता.

ती बाई गुडघ्यांवर बसली होती. जमिनीवरच्या ढिगातून एकेक शेंग उचलायची, खूण बघायची, आपली असेल तर ओच्यात टाकायची, नसेल तर बाजूला ठेवायची. शेडवाली उठली आणि तिच्याजवळ बसून तेच करू लागली. थोड्या वेळाने आणखी एक बाई आली, मग आणखी एक. पुरुष उभे होते. त्यांच्या पायांजवळची शेंग घ्यायची असली की बायका त्यांचा पाय हाताने सरकवायच्या, आणि ते सरकवू द्यायचे.

खांबाशी पोचल्यावर ती बाई मुकादमासमोर आली. त्याच्या मांडीखाली तिची एक शेंग होती.

"त्याने हात मागे नेला," मुकादम म्हणाला. फुटलेल्या ओठांतून त्याला नीट बोलता येत नव्हतं. "मी कोण म्हणून विचारलं, आणि त्याचा हात मागे गेला. मला वाटलं कोयता काढतोय."



"पट्टा सरकला असेल," ती म्हणाली. "पोत्याचा पट्टा मीच बांधून दिला होता. घाई होती. सैल राहिला."

तिने त्याच्या मांडीखालची शेंग ओढून घेतली. मग कमरेचा विळा काढला आणि त्याच्या डोक्यावरच्या लाकडातून आपली खूण खरवडायला लागली. ढलप्या त्याच्या डोक्यावर, खांद्यावर पडत होत्या. विळा हातभर अंतरावर होता. तो हलला नाही, त्याने डोळे मिटले, आणि मला वाटतं, तिने तो विळा खाली आणला असता तरी त्याने हात वर केला नसता. तिने आणला नाही. लाकडात खड्डा पडला, तेव्हा तिने विळा पुसून कमरेला लावला.

सुतार जवळ आला. "ताई, आपण बसून बोलू. जे झालं ते... संघ तुमच्या पाठीशी उभा राहील."

"बाजूला हो," ती म्हणाली.

तिने दोन पोती भरली. एक आणलेलं, एक गोळा केलेलं. आणलेलं तिने पाठीवर घेतलं. दुसऱ्याला हात घातला तेव्हा शेडवालीने त्याचा दुसरा कान धरला, चांगल्या हाताने. धाकटा धडपडत उठला आणि म्हणाला, "वहिनी, मी पण येतो चौकीत." त्याचा हात तसाच लोंबत होता. तो त्यांच्या मागे चालायला लागला. नवऱ्याकडे शेडवालीने वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय निघाला नसता, हे तिला ठाऊक होतं.

पायवाट उतरून ते रस्त्याला लागले. पाटीपाशी ती बाई थांबली नाही. मोरी आली तशी शेडवाली थांबली, म्हणून पोतं ताणलं आणि तीही थांबली.

"इथे," शेडवाली म्हणाली.

मोरीच्या कठड्यावर काही नव्हतं, पाऊस पडून गेला होता. बाईने पोती खाली ठेवली आणि कठड्यावर बसली. दगडावरून हात फिरवला. धाकटा लांब उभा राहिला.

"काही बोलला का?"

शेडवालीच्या तोंडात अजून रक्त येत होतं. तिने ते गिळलं. "तुमच्याच संघाकडे आलोय, म्हणाला."

"कुणी ऐकलं का?"

"सगळ्यांनी ऐकलं," शेडवाली म्हणाली. "वर शेडमध्ये मलाही ऐकू आलं होतं."

बाईचा हात दगडावर थांबला. खालून पाणी वाहत होतं. ती उठली, आणलेलं पोतं पुन्हा पाठीवर घेतलं, त्याचा पट्टा आवळून बांधला, ओढून बघितला, आणि दुसऱ्या पोत्याचा एक कान उचलला.

"धर," ती म्हणाली. "चौकी किती लांब आहे?"